डिकीतली हवा

माझ्याकडे आजवर कोणी हवेसाठी आलं नाही. सगळे दिव्यासाठी आले.

गाडीच्या स्टिअरिंगपुढे, काट्यांच्या शेजारी एक पिवळी खूण लागते. खाली सपाट बूड, दोन्हीकडून वर आलेले काठ आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायर आडवा कापल्यावर जसा दिसेल तसं ते चित्र आहे म्हणे. आमच्या दुकानात येणारी माणसं तिला कढई म्हणतात. "मिस्त्री, कढई पेटलीया, तेवढी इझवा की," असं म्हणत माणूस गाडीतून उतरतो आणि चहा मागवतो. एखाद्या टायरमधली हवा उतरली आहे, एवढंच ती बिचारी सांगत असते. पण हवा कुठे गेली हे कुणाला विचारायचं नसतं. दिवा गेला की काम झालं.

या अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या गृहस्थांनी "गोड आठवणी असतील तर बरं" असं सुचवलं होतं. दिवाळी आहे, हे मलाही कळतं. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात टायरच्या मशीनपुढे उभं आयुष्य गेल्यावर माझ्यापाशी गोड असं फारसं उरलेलं नाही. आमचं दुकान कसं मोडलं, तेवढं सांगतो. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, बापूचं.

बापू गोड बोलणारा, मी फटकळ. त्यामुळे तो टेबलावर आणि मी मशीनवर, अशी वाटणी आपोआप झाली. माणूस त्यानं धरून ठेवायचा, चाक मी बघायचं. दुपारचा डबा एकच यायचा आणि आम्ही दोघं त्यातच जेवायचो. मला भाजीतला बटाटा आवडतो म्हणून तो बाजूला ठेवून देणारा माझा भाऊ. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यानं कुणाला तो भामटा वाटायचा.

आता थोडं धंद्याचं. ज्या गाड्यांत ही कढई पेटवणारे सेन्सर असतात त्यांच्या प्रत्येक चाकात, आपण जिथून हवा भरतो त्या व्हॉल्व्हच्या मुळाशी, टायरच्या आत अंगठ्याएवढा एक काळा ठोकळा असतो. तो हवेचा दाब मोजतो आणि तारेवाचून गाडीला कळवतो. त्याची बॅटरी आतच बंद केलेली असते. ती संपली की ठोकळाच बदलायचा. प्रत्येकाला आपापला नंबर असतो आणि गाडीला आपल्या चाकांचे नंबर पाठ असतात. नवा सेन्सर बसवला की नव्या सुनेला भावकी दाखवत फिरवावं तशी गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते. हातातलं यंत्र पुढच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरायचं. सेन्सर आपला नंबर सांगतो, गाडी तो ऐकून हॉर्न वाजवते, मग पुढच्या चाकाकडे जायचं. टायर काढताना मशीनचा फाळ व्हॉल्व्हच्या अंगाला लागू द्यायचा नाही, नाहीतर आत ठोकळ्याचा भुगा होतो. आणि टायर उतरवला की व्हॉल्व्हचा वायसर आणि आतली पिन नवीन घालायची. यात फार अक्कल लागते असं नाही. सबुरी लागते, आणि गिऱ्हाइकाला नेमकी तीच नसते.

चंदगडकडचे एक काजूवाले यायचे. त्यांनी हौसेनं चारही व्हॉल्व्हना चकचकीत पितळी टोपणं लावली होती. या सेन्सरचे व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियमचे असतात. त्यावर पितळ बसलं आणि ओलावा मिळाला की दोन्ही धातू एकमेकांना खातात. आणि चंदगडला ओलाव्याला काय तोटा, तिथे पावसाळ्यात कपाटातल्या कमरेच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. टोपणं अशी चिकटली की पान्यानं फिरवल्यावर एकेक व्हॉल्व्ह टोपणासकट तुटून माझ्या हातात आला. व्हॉल्व्ह गेला म्हणजे सेन्सरही गेला, ते दोन्ही एकातच असतात. काजूवाले बराच वेळ माझ्या तळहाताकडे बघत राहिले. मला वाटलं, सेन्सरचं वाईट वाटतंय. मग म्हणाले, "एवढी झ्याक टोपणं, वाया गेली म्हणायची."

दुसरे एका दूध संस्थेचे चेअरमन. त्यांच्या गाडीच्या चाकांत सेन्सर नव्हते. हवा उतरलेलं चाक जरासं लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फिरतं, त्यावरून त्यांची गाडी अंदाज बांधायची. अशा गाडीत एक बटण असतं. हवा नीट भरून झाल्यावरच ते दाबायचं. आत्ता आहे ती हवा बरोबर, असं त्यानं गाडीला सांगायचं असतं. चेअरमनसाहेब कढई पेटली की सरळ बटण दाबायचे. "पेटली की दाबतो, जाते. कशाला कुणाच्या दारात जायाचं?" ते मला अभिमानानं म्हणाले, तेव्हा चारही टायर बसलेल्या म्हशीसारखे रस्त्यावर पसरले होते. कमी हवा हीच बरोबर, असं त्यांनी गाडीला कितीतरी महिने शिकवलं होतं आणि ती शिकली होती. मी समजावून सांगितलं तर म्हणाले, "मग कंपनीनं बटण दिलंयच कशाला?" त्या दिवशी मी आणि बापू डबा खाताना एवढे हसलो की बापूला ठसका लागला.

आता ज्यावर हसता येत नाही ते.

हुपरीचे रावसाहेब म्हणून एक गृहस्थ एका सकाळी दुकानात आले. घरातच पैंजणं घडवतात, माल द्यायला कोल्हापूरला येतात. गाडी त्यांनी एका एजंटाकडून जुनी घेतलेली. चंदगडला दिलेली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, तिला आणायला नवरा-बायको गेले होते. येताना गडहिंग्लजच्या अलीकडे मागचा एक टायर फुटला. फुटला म्हणजे अचानक नव्हे. हवा हळूहळू उतरत गेली, टायर तसाच पळत तापला आणि शेवटी त्याच्या चिंध्या झाल्या. गाडी रस्ता सोडून शेताच्या कडेला चिखलात गेली. चिखल होता म्हणून उलटली नाही.

"पोरीला काय झालं न्हाय, देवाची किरपा," रावसाहेब म्हणाले. "पण मिस्त्री, कढई पेटलीच न्हाय. एकदाबी न्हाय. सेन्सरची गाडी हाय म्हणून तर घेतलीती मी. लेकीला आनायची हाय म्हणून."

माणूस चिडलेला नव्हता, हादरलेला होता. फाटलेला टायर त्यांनी गोणपाटात गुंडाळून आणला होता आणि मला तो उलगडून दाखवताना ते त्याच्या चिंध्यांवरून बोटं फिरवत होते. चांदीची बारीक कडी जोडणारी ती बोटं.

मी चावी फिरवली. बाकीच्या दिव्यांबरोबर कढई लागली आणि विझली, म्हणजे दिवा ठीक होता. मग पडद्यावर चाकांची हवा बघितली. चारही चाकांत एकच आकडा. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत असं कधी नसतं, उन्हाच्या अंगाचं चाकसुद्धा थोडं चढं दाखवतं. त्यातून मागे तर स्टेपनी लावलेली होती आणि त्या स्टेपनीत सेन्सर नव्हताच. तरी तिचाही आकडा येत होता. मी पुढच्या चाकातली हवा फुस्सकन सोडली. आकडा जागचा हलला नाही.

यंत्र घेऊन मी एकेका चाकाजवळ बसलो. उत्तर नाही. रावसाहेब माझ्या मागोमाग फिरत होते, ताप आलेल्या पोराच्या खाटेभोवती बाप फिरतो तसे. मागच्या चाकापासून उठून डिकीला वळसा घालताना यंत्र वाजलं. पडद्यावर नंबर आला. यंत्र जरा सरकवलं तर दुसरा आला.

"डिकीत काय आहे?" मी विचारलं.

"काय न्हाय. जॅक, पाना आन जोतिबाचा नारळ."

आमच्याकडे नवी गाडी आधी जोतिबाच्या डोंगरावर जाते, मग घरी. तिथला नारळ गुलालासकट फडक्यात बांधून गाडीत ठेवतात आणि त्याला कोणी हात लावत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात तसंच लाल फडक्याचं एक गाठोडं होतं, जरा लांबट. एजंटानं गाडी ताब्यात देताना सांगितलं होतं की हा नारळ आधीच्या मालकाचा आहे, गाडी आहे तोवर हलवायचा नाही. रावसाहेबांच्या घरी खंडेनवमीला गाडीची पूजा झाली तेव्हा त्या गाठोड्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं. त्याचे डाग दिसत होते.

मी म्हणालो, "हे सोडावं लागेल."

"पाप लागंल, मिस्त्री."

"लागलं तर मला लागू दे."

पण त्यांनी मला सोडू दिलं नाही. पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि गाठ स्वतः सोडली. वर वाळका नारळ होता, गुलाल होता. खाली मनगटाएवढी जाड, पांढरी प्लॅस्टिकची नळी होती, घराच्या नळाला वापरतात ती. दोन्ही टोकं टोपणांनी पक्की बंद आणि एका टोपणाला हवा भरायचा व्हॉल्व्ह. रावसाहेबांनी ती उचलली तशी आत खुळखुळली.

चारही सेन्सर त्या नळीत होते. नळीत टायरएवढी हवा भरलेली. ते आपले इमानदारीनं गाडीला सांगत होते, हवा चोख आहे. नळीतली हवा चोखच होती. काही गाड्यांत हा प्रकार चालतो, हे मी ऐकून होतो. व्हॉल्व्ह सडून गळायला लागले की नवे सेन्सर घेण्यापेक्षा चाकांना साधे रबरी व्हॉल्व्ह लावायचे, जुने सेन्सर असे नळीत कोंडायचे आणि गाडी विकायची.

मी हे समजावून सांगितलं. रावसाहेबांना सगळं कळलं का, मला माहीत नाही. ते नळीकडे बघत म्हणाले, "रस्त्यात स्टेपनी काढताना हे मी लेकीच्या मांडीवर ठिवलंतं. म्हणलं, देवाचं हाय, चिखलात नको."

मग मला नळीच्या व्हॉल्व्हचा नट दिसला.

आमच्या दुकानात एक रीत आहे. नट पक्का केला की त्यावर पिवळ्या रंगाची खूण करायची. पुढच्या वेळी ती तुटलेली दिसली की समजायचं, मध्ये कुणीतरी हात लावलाय. ही रीत मीच पाडली. मी ब्रशनं ठिपका देतो. बापूला ब्रश धुवायचा कंटाळा, तो आगकाडी रंगात बुडवून रेघ ओढतो. या नटावर रेघ होती. कोल्हापुरात दुसरं कोणी तसं करत असेल, तर मी बघितलेलं नाही.

मी मान वर केली. बापू टेबलामागे उभा होता आणि आमच्याचकडे बघत होता.

"दादा, जरा आत ये की," तो म्हणाला.

आत, जुने टायर रचलेल्या खोलीत, तो हळू आवाजात बोलायला लागला. एजंट आपल्याला गिऱ्हाइकं धाडतो. त्याला नवीन सेन्सर घालायचे नव्हते. आपण नाही म्हटलं असतं तर त्यानं दुसरीकडून करून घेतलं असतं. "चाकांत हवा तर मी भरूनच दिलीती की, दादा. पुढं बघायचं त्यांनी नको व्हय?"

"पोटुशी पोरगी होती गाडीत."

"मला काय ठावं, कोन बसनार ते."

"आणि जोतिबाचा नारळ?"

त्यावर मात्र तो खरोखर दुखावला. "शप्पत दादा, नारळाचं मला ठावं न्हाय. मी नळी तेवढी करून दिली. देवाच्या नावावर असलं करीन व्हय मी?"

"अशा अजून कुठल्या गाड्यांत नळ्या घातल्यास?"

तो रचलेला एक टायर सरळ करायला लागला. मी पुन्हा विचारलं. म्हणाला, "गाडी कुनाला गेली ते एजंटाला ठावं. मला न्हाय."

एवढ्यावर मला राग आला असं नाही, राग आधीच आला होता. एवढ्यावर मला भीती वाटली. कुठल्यातरी रस्त्यावर, कुणाच्यातरी डिकीत आमच्या दुकानची रेघ ओढलेली नळी आहे, आणि पुढे बसलेल्या माणसाला वाटतंय की सगळं ठीक आहे. मी बाहेर आलो. रावसाहेब अजून अनवाणीच उभे होते.

"कुनी केलं असंल ओ हे?" त्यांनी विचारलं.

बापू माझ्या मागे दारात येऊन थांबला होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "एजंटाला विचारा" एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं, ते खोटंही नव्हतं.

मी म्हणालो, "आमच्या दुकानात झालंय. माझ्या भावानं केलंय."

रावसाहेबांनी एकदा बापूकडे बघितलं आणि पायात चपला घातल्या. मग नळी, नारळ, फडकं सगळं गोळा करून गाडीत ठेवलं आणि पोलिसांत जातो म्हणाले. मी म्हणालो, जरूर जावा, मी सांगायला येईन. नवीन सेन्सर घालायचे तर निम्मा भार दुकान सोसेल आणि माझी मजुरी नको, हेही सांगितलं. ते मान हलवून गेले.

बापूनं दुपारचा डबा उघडला नाही. शटर ओढताना एवढंच म्हणाला, "परक्या मानसाम्होरं भावाला उघडं पाडलंस, दादा. आत न्हिऊन दोन मुस्काटात दिल्या असत्यास तर सोसल्या असत्या मी."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. वाटणी झाली. कॉम्प्रेसर त्याच्याकडे गेला, मशीन माझ्याकडे राहिलं. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या समोर त्यानं नवीन दुकान काढलं. त्याच्याकडे गर्दी असते, कारण तो अजूनही गोड बोलतो. माझ्याकडे येतात ते त्याच्याकडे नंबर लागला नाही म्हणून. दुपारी मी डबा उघडतो तेव्हा तोही समोर उघडत असतो. आम्ही एकमेकांकडे पाठ करून जेवतो. मला भावाची आठवण येते, तो समोर दिसत असूनही येते, आणि हे घरात कुणापाशी बोलायची सोय नाही. घरचे म्हणतात, एवढं तोंड सोडायची काय गरज होती. त्यांना मी सांगायचो, त्या पोरीचा विचार करा. रावसाहेबांचा चेहरा आठवायचा आणि आपण केलं ते बरोबर, असं स्वतःला बजावायचो. त्याच एका गोष्टीवर मी ते दिवस काढले.

मग एके दिवशी रावसाहेब आले. पेढे घेऊन. नात झाली, आई-लेक दोघी खुशाल. मी पेढा खाल्ला. एवढा चांगला पेढा मी कधी खाल्ला नव्हता. त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला.

चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "एक काम हुतं, मिस्त्री. गाडी इकतोय. कागलकडचं गिऱ्हाईक आलंया."

"बरं झालं. पोलिसांत गेला होता का?"

"कुठं त्या लफड्यात पडायचं." कप खाली ठेवून त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "नळी परत ठिवलीया डिकीत. पर हवा उतरलीया तिच्यातली, कढई पेटतीया. तेवढी भरून द्या."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "घेणाऱ्याला सांगितलंय का?"

"मला कुनी सांगितलंतं?"

"अहो, त्याच्याही गाडीत कुणाची पोर बसेल."

"बसंल की. देव हाय," रावसाहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कसलाही दुष्टपणा नव्हता. बाजारात गेल्यासारखं बोलत होते. "इकायच्या गाडीला नवीन सेन्सर कोन घालतंय, तुमीच सांगा."

मी नाही म्हणालो. कसं म्हणालो ते इथे छापण्यासारखं नाही. ते रागावले नाहीत. "ऱ्हाऊ द्या, तुमचा सोभाव मला ठावं हाय," म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावरून उचलून गाडीत बसले. गाडी वळली आणि समोर जाऊन थांबली.

बापू बाहेर आला. रावसाहेब गाडीतून उतरले. मग रावसाहेब काहीतरी म्हणाले, बापूनं मान डोलावली आणि डिकी वर गेली. कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज मला इकडे आला. त्याचा आवाज मी डोळे मिटूनही ओळखतो, तो आमच्या दोघांनी मिळून घेतलेला आहे. नळीत हवा भरायला कितीसा वेळ लागणार. डिकी बंद झाल्यावर रावसाहेबांनी पुडा पुढे केला आणि बापूनं पेढा घेतला.

आता ती गाडी कागलकडे कुठेतरी पळत असेल. दुकानापुढून तसल्या रंगाची गाडी गेली की मी तिची मागची चाकं बघतो.

बापू माझ्याशी अजून बोलत नाही. रावसाहेबांच्या नातीच्या बारशाला मात्र बायको-पोरांना घेऊन हुपरीला गेला होता, असं नंतर कळलं. मला बोलावणं नव्हतं.